चॉकलेट सिस्ट असली की एग्ज खराबच होतात का? लॅबमध्ये रोज बीजं बघणारीचं उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३१, लग्नाला चार वर्षं, डाव्या ओव्हरीत साडेचार सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिऑसिसमुळे होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ), एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते दाखवणारी रक्ततपासणी) १.१, सहा महिने डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी घेऊन झाली आणि मग एक आयव्हीएफ. त्यात ६ बीजं मिळाली, ४ मॅच्युअर निघाली, इक्सी (बीजात सुईने एक शुक्राणू सोडणं) केल्यावर ३ फर्टिलाइज झाली, पाचव्या दिवशी १ ब्लास्टोसिस्ट, म्हणजे ट्रान्सफरला तयार गर्भ, झाला, तो ट्रान्सफर केला आणि राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले एंडोमेट्रिऑसिसमुळे (पिशवीच्या अस्तरासारखं पेशीजाल पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) एग क्वालिटी खराब आहे. आता एकजण सांगतंय आधी दुर्बिणीतून गाठ काढून घ्या, दुसरं सांगतंय सरळ डोनर एग (दुसऱ्या बाईचं बीज) घ्या, सासूबाई म्हणतायत सहा महिने थांबून औषधोपचार करून बघू, आणि तुम्ही विचारताय की माझी बीजं खरंच खराब झालीयेत का.

मी एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, म्हणजे बीजं आणि गर्भ सांभाळणारी, बरीच वर्षं आयव्हीएफ लॅबमध्ये काम करते. पेशंट तपासणं, गोळ्या लिहून देणं, ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवणं हे माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. पण ओव्हरीतून बाहेर आलेलं बीज पहिल्यांदा बघतो ते आम्ही, आणि पुढचे पाच-सहा दिवस ते आमच्याच ताब्यात असतं, त्यामुळे बीजाबद्दल मी खात्रीने बोलू शकते. तुमची सोनोग्राफी मी बघितलेली नाही. पाळीत दुखतं किती, उजवी ओव्हरी कशी आहे, नळ्या उघड्या आहेत का, मिस्टरांचा रिपोर्ट काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने उत्तर थोडं इकडे तिकडे सरकतं. ते लक्षात ठेवून वाचा.

मला वाटतं तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. बीजं कमी मिळाली का, मिळाली ती कमजोर होती का, आणि गर्भ चांगला असून पिशवीत रुजला नाही का. आयव्हीएफ फेल गेलं की या तिघांना मिळून "एग क्वालिटी खराब" असं एकच उत्तर दिलं जातं, आणि बाई घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसते. माझा अनुभव आणि आत्तापर्यंत झालेले अभ्यास दोन्ही एकाच बाजूला झुकतात: एंडोमेट्रिऑसिसचा मोठा फटका बीजांच्या संख्येला बसतो, दर्जाला बसतो तो त्या मानाने बराच कमी. हे एकदा पटलं की पुढचे निर्णय वेगळे होतात, म्हणून आधी ओव्हरीत नेमकं काय होतं ते सांगते.

चॉकलेट सिस्ट बाकीच्या गाठींसारखी नसते. डर्मॉइडसारख्या गाठीला स्वतःचं वेगळं आवरण असतं, सर्जन ती बऱ्यापैकी स्वच्छ सोलून काढू शकतो. चॉकलेट सिस्टची भिंत म्हणजे बऱ्याचदा ओव्हरीचाच बाहेरचा थर आत वळून तयार झालेली असते. आणि तुमची आयुष्यभराची राखीव बीजं नेमकी त्याच बाहेरच्या थरात साठवलेली असतात. म्हणजे गाठ आणि बीजांचा साठा हे शेजारी शेजारी सुद्धा नाहीत, एकमेकांना चिकटून आहेत.

आता त्या गाठीत दर पाळीला थोडं थोडं रक्त साचतं, बाहेर पडायला वाट नसते, ते जुनं होतं, त्यातलं हिमोग्लोबिन फुटतं आणि लोह सुटं होतं. गाठीतल्या त्या दाट तपकिरी पातळ पदार्थात लोहाचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं. सुट्या लोहामुळे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू, तयार होत राहतात, ते भिंतीतून झिरपतात आणि भोवतीच्या थराला सतत डिवचत राहतात. सूज राहते, मऊ पेशीजाल हळूहळू चिवट होतं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो. गाठीला लागून असलेल्या थराचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघितले तर त्यात फॉलिकल्सची (बीज असलेल्या बारीक पिशव्यांची) दाटी चांगल्या थरापेक्षा कमी दिसते, हे बऱ्याच अभ्यासकांनी दाखवलंय.

(इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण मला हे पेशंटनी विचारलेलं आहे. गाठीतलं लोह तुमच्या जेवणातून आलेलं नाही. पालेभाज्या, खजूर किंवा डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या यांच्यामुळे ते वाढत नाही. पाळीत खूप रक्त जाऊन हिमोग्लोबिन कमी झालं असेल तर लोहाच्या गोळ्या अजिबात बंद करू नका.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चांगल्या ओव्हरीत बहुतेक बीजं झोपलेली असतात आणि दर महिन्याला त्यातली थोडीशीच जागी होऊन वाढायला लागतात. गाठीच्या आसपास सूज असली की ही झोपेची शिस्त मोडते असं मानलं जातं, गरजेपेक्षा जास्त फॉलिकल्स एकदम जागी होतात, बहुतेक वाया जातात आणि साठा वेळेआधी उतरतो. एफडी मुदतीआधी मोडत राहिल्यासारखं, हातात फार काही येत नाही पण मुद्दल मात्र कमी होत जातं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात चॉकलेट सिस्ट असलेल्या आणि नसलेल्या बायकांचा एएमएच सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा बघितला, ऑपरेशन वगैरे काही न करता. नसलेल्यांमध्ये तो साधारण ७ टक्क्यांनी उतरला होता, असलेल्यांमध्ये साधारण २६ टक्क्यांनी. अभ्यास छोटा होता, पण आम्ही लॅबमध्ये जे बघतो त्याच्याशी जुळणारा आहे. त्यात आपल्याकडे आणखी एक भर: २०१४ मध्ये स्पॅनिश आणि भारतीय बायकांची तुलना झाली होती, त्यात भारतीय बायकांचा साठा त्यांच्यापेक्षा साधारण सहा वर्षांनी मोठ्या स्पॅनिश बायकांइतका दिसला होता. म्हणून ३१ व्या वर्षी एएमएच १.१ बघून मला धक्का बसत नाही, पण "वेळ आहे अजून" असंही मी म्हणणार नाही.

आता दर्जाकडे येते. बीज ज्या फॉलिकलमध्ये वाढतं त्यातलं पाणी म्हणजे त्याचं शेवटच्या टप्प्यातलं घर. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या बायकांच्या या पाण्यात सूज दाखवणारी रसायनं, इंटरल्यूकिन ६ आणि ८ वगैरे, जास्त सापडतात, आणि गाठीच्या अगदी जवळच्या फॉलिकलमध्ये लांबच्या फॉलिकलपेक्षा लोहही जास्त असतं. बीजाभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी लवकर मरतात. हे महत्त्वाचं का, तर बीजाला स्वतःला साखर नीट वापरता येत नाही, भोवतीच्या पेशी साखरेवर प्रक्रिया करून त्याला खायला घालतात. त्या कमजोर पडल्या तर बीजाच्या आतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांवर ताण येतो. एका पिकलेल्या बीजात हे लाखाच्या घरात असतात आणि गर्भ ब्लास्टोसिस्ट होईपर्यंत त्यांची नवी भरती जवळपास होत नाही, पहिले तीन दिवस तर गर्भ आईच्या बीजातल्या शिध्यावरच काढतो. ब्राझीलमधल्या एका गटाने एंडोमेट्रिऑसिस असलेल्या बायकांचं फॉलिकलमधलं पाणी गायीच्या बीजांना लावून बघितलं होतं, तर गुणसूत्रं ओढून वेगळी करणारी जी स्पिंडल नावाची रचना असते ती बिघडलेली दिसली. म्हणजे परिणाम होऊ शकतो यात शंका नाही.

पण "होऊ शकतो" आणि "तुमच्या बाबतीत त्यामुळेच राहिलं नाही" यात फार अंतर आहे.

पिकअपच्या, म्हणजे ओव्हरीतून सुईने बीजं काढायच्या, दिवशी आमच्याकडे काय होतं ते सांगते. ओटीच्या खिडकीतून गरम ब्लॉकमधली ट्यूब आत येते, आम्ही ती डिशमध्ये ओततो. चांगल्या फॉलिकलचं पाणी फिकट पिवळं असतं, थोडं रक्त मिसळलेलं. त्यात एक ढगाळ, पांढुरका, चिकट गोळा तरंगताना दिसतो, तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, आणि बीज त्याच्या आत असतं. सुई चुकून चॉकलेट सिस्टला लागली असेल तर ट्यूबमध्ये एकदम गडद तपकिरी दाट द्रव येतो, त्यातून बीज शोधणं अवघड जातं, सापडलं की ते लगेच स्वच्छ मीडियाच्या (बीज ठेवायच्या द्रवाच्या) तीन-चार थेंबांतून धुवून घ्यायचं, आणि डॉक्टरांना सांगून सुई आणि नळी बदलून घ्यायची. मग दोनेक तासांनी भोवतीच्या पेशी काढून टाकल्या की बीज पहिल्यांदा उघडं दिसतं. बाजूला पोलर बॉडी नावाचा छोटासा गोळा दिसला की ते मॅच्युअर, नाही दिसला तर कच्चं. आतला भाग एकसारखा आहे का, मध्ये दाणेदार काळपट डाग आहे का, पोकळ्या आहेत का, बाहेरचं कवच कसं आहे, हे सगळं आम्ही लिहून ठेवतो. आणि खरं सांगते, दहा बायकांची बीजं समोर ठेवून यातली एंडोमेट्रिऑसिसवाली कुठली ते ओळखा म्हटलं तर मला ओळखता येणार नाही. दाणेदार डाग त्यांच्यात दिसतो तसा कुठलाही आजार नसलेल्या बाईतही दिसतो. मायटोकॉन्ड्रिया आणि गुणसूत्रं या नजरेला दिसत नाहीत.

मग निकाल कशावरून लावायचा, तर गर्भ पुढे काय करतात त्यावरून. १९९४ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी डोनर एगच्या सायकल्स, म्हणजे आयव्हीएफच्या फेऱ्या, तपासल्या. डोनरला एंडोमेट्रिऑसिस असेल तर तिच्या बीजांपासूनचे गर्भ कमी रुजत होते, पण घेणारीला एंडोमेट्रिऑसिस असेल आणि बीज निरोगी डोनरचं असेल तर फारसा फरक पडत नव्हता. यावरून बरीच वर्षं सगळे म्हणायचे की दोष बीजातच. त्यानंतर मोठे आकडे आले. २०१५ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात चॉकलेट सिस्ट असलेल्यांना आयव्हीएफमध्ये बीजं कमी मिळाली, सायकल रद्द व्हायचं प्रमाण जास्त होतं, पण बाळ घरी यायचं प्रमाण जवळजवळ सारखंच होतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्राने गुणसूत्रं तपासलेले ब्लास्टोसिस्ट बघितले, तर एंडोमेट्रिऑसिस असलेल्यांत बिघाडाचं प्रमाण त्याच वयाच्या बाकीच्यांइतकंच निघालं. म्हणजे गुणसूत्रांच्या बाबतीत वयच ठरवतं, आजार नाही.

या सगळ्यावरून माझं मत असं बनलंय की बीजाच्या आतल्या ऊर्जेवर थोडाफार परिणाम होत असेल, काहीजणींत जास्तही होत असेल, विशेषतः दोन्ही बाजूंना मोठ्या गाठी असतील तर. पण जे बीज मॅच्युअर होऊन, फर्टिलाइज होऊन ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचलं ते बऱ्यापैकी लढून आलेलं असतं. अडचण ही की संख्या कमी असल्यामुळे तिथपर्यंत पोचणारेच कमी असतात.

आता तुमचा रिपोर्ट याच नजरेने वाचू. ६ पैकी ४ मॅच्युअर म्हणजे साधारण ६७ टक्के, आम्ही ७५ ते ९० ची अपेक्षा ठेवतो, तर किंचित कमी आहे. पण सहामध्ये एक बीज इकडचं तिकडे झालं तर आकडा ८३ वर जातो, त्यामुळे यावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि कच्ची बीजं ट्रिगर (बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) लवकर दिल्याने किंवा फॉलिकल्स लहानमोठी असल्यानेही येतात. ४ पैकी ३ फर्टिलाइज, ७५ टक्के, ठीक आहे, चांगल्या लॅबमध्ये किमान ६५ आणि उत्तम म्हणजे ८० धरतात. ३ पैकी १ ब्लास्टोसिस्ट, अपेक्षा किमान ४० टक्क्यांची असते, पण तीनचे ४० टक्के म्हणजे एकच गर्भ आणि वर थोडं. म्हणजे तुम्हाला मिळायला हवा होता तेवढाच मिळाला. आणि ३१ व्या वर्षी दहा ब्लास्टोसिस्टमधले साधारण सहा-सात गुणसूत्रांनी ठीक असतात, ठीक असलेल्या दहांमधलेही पाच-सहाच बाळापर्यंत पोचतात, तर एका न तपासलेल्या ब्लास्टोसिस्टची शक्यता सुरुवातीपासूनच निम्म्याहून कमी होती. एकदा राहिलं नाही यावरून बीजं खराब असं म्हणायला मला तुमच्या आकड्यांत आधार दिसत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: गाठ साठा खाते, वय गुणसूत्रं बिघडवतं, आणि तुमचा पहिला प्रयत्न कमी संख्येमुळे तोकडा पडला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

आता ऑपरेशन. सर्वात जास्त जपून बोलावं असा विषय हाच. वर म्हटलं तसं गाठीची भिंत आणि बीजांचा थर वेगळे नसतात, त्यामुळे भिंत सोलताना थोडी बीजं तिच्यासोबत जातातच. २००२ च्या एका इटालियन अभ्यासात काढलेल्या चॉकलेट सिस्टच्या भिंतींपैकी अर्ध्याहून जास्त भिंतींना ओव्हरीचं पेशीजाल चिकटून आलेलं होतं, इतर साध्या गाठींत हे क्वचित दिसलं. ऑपरेशननंतर एएमएच एक तृतीयांशापेक्षाही जास्त उतरतो असं एकत्रित आकडे सांगतात, आणि दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालेल्यांपैकी थोड्या बायकांची पाळी कायमची बंद झाल्याचीही नोंद आहे. त्यामुळे निव्वळ आयव्हीएफचा निकाल सुधारावा म्हणून गाठ काढू नये, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आधी तीन-चार सेंटीमीटरच्या वर गेली की काढा अशी पद्धत होती, अजूनही बरेच डॉक्टर त्याच सवयीने सांगतात, त्यात वाईट हेतू नसतो.

पण ऑपरेशन कधीच नको असंही नाही हं. पाळीत किंवा संबंधाच्या वेळी दुखणं इतकं असेल की जगणं अवघड झालंय, तर ते अंगावर काढू नका, तुमचं दुखणं हेही उपचाराचं कारण आहे, बाळ हेच एकमेव कारण नाही. गाठ अशी बसली असेल की सुई फॉलिकल्सपर्यंत पोचतच नाही, गाठ भराभर वाढतेय, सोनोग्राफीत आत काही संशयास्पद दिसतंय, किंवा नळीत पाणी साचलंय, तर चित्र वेगळं. नळीतलं पाणी तर आयव्हीएफआधी सोडवलेलंच बरं, त्याने निकालात खरा फरक पडतो. आणि ज्यांना गाठ नाही, फक्त सौम्य एंडोमेट्रिऑसिस आहे आणि वय कमी आहे, त्यांच्यात दुर्बिणीतून डाग काढल्यावर आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण वाढतं हे १९९७ च्या कॅनडातल्या अभ्यासात दिसलं होतं, साधारण १८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर, ३६ आठवड्यांत. तुमची केस ती नाही.

तुमचं ठरलंच ऑपरेशन करायचं, तर माझी एकच कळकळीची विनंती: त्याआधी एक-दोन सायकल करून गर्भ फ्रीझ करून ठेवा. साठा आहे तोवर काढून ठेवलेला गर्भ ऑपरेशनने कमी होत नाही. आणि सर्जनला विचारा की रक्तस्राव थांबवायला जाळणार की टाके घालणार, टाक्यांनी ओव्हरीचं नुकसान कमी होतं असं बहुतेक अभ्यास सांगतात.

सहा महिने थांबण्याबद्दल. सासूबाईंना तुमची काळजी आहे हे कळतं, पण तुमच्या परिस्थितीत वेळ हीच सगळ्यात महाग गोष्ट आहे. डायनोजेस्ट दुखण्यासाठी चांगली गोळी आहे, गाठ थोडी लहानही करते, पण ती चालू असताना बीज बाहेर पडत नाही, दिवस राहत नाहीत, आणि बंद केल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढलेली असते असा भक्कम पुरावा नाही. म्हणून गर्भ राहावा यासाठी ती परत महिनोन्‌महिने घेण्यात अर्थ नाही. (गर्भ फ्रीझ करून झाल्यावर ट्रान्सफरआधी पिशवी शांत करायला काही डॉक्टर दोन-तीन महिने इंजेक्शनं देतात, तो वेगळा मुद्दा, त्यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही.) आणि एक, हार्मोनच्या गोळ्या चालू असताना एएमएच खरा असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो, तुमचा १.१ कधी काढलेला ते बघा.

कोक्यूटेन, व्हिटॅमिन डी, ओमेगा, मेलाटोनिन याबद्दल प्रत्येकजण विचारतं. फॉलिकलच्या वाढीचा शेवटचा टप्पा साधारण तीन महिन्यांचा, म्हणून "तीन महिने घ्या" असं सांगतात. प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट घातल्यावर त्या गायीच्या बीजांचं नुकसान टळलं होतं हे खरं, पण बायकांमध्ये बाळ घरी येण्याचं प्रमाण वाढतं असा भक्कम पुरावा नाही. व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा, फॉलिक ॲसिड घ्याच, कोक्यूटेन डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या, फक्त तिच्यासाठी सायकल पुढे ढकलू नका. दुसरं कुठलं औषध चालू केलंत तर आयव्हीएफच्या डॉक्टरांना नक्की सांगा. आणि घरात कोणी तंबाखू-सिगरेट ओढत असेल तर ते थांबवण्याचा फायदा यातल्या कुठल्याही गोळीपेक्षा जास्त आहे.

मग पुढच्या वेळी वेगळं काय करता येईल? संख्या जमवणं. एकाच सायकलवर सगळं पणाला न लावता दोन सायकलचे गर्भ जमवून फ्रीझ करायचे आणि मग ट्रान्सफरला जायचं, याबद्दल डॉक्टरांशी बोला. काही ठिकाणी एकाच पाळीत दोनदा बीजं काढतात. खर्च वाढतो हे मला माहितीये, बऱ्याच जोडप्यांसाठी तोच अडथळा असतो, म्हणून जमत असेल तर असं म्हणते. ट्रिगरच्या दिवशी फॉलिकल्स किती आकाराची होती, ट्रिगरची वेळ किंवा प्रकार बदलून मॅच्युअर बीजं वाढतील का, हेही विचारा.

पिशवीचीही नीट तपासणी झालीये का बघा. एंडोमेट्रिऑसिससोबत ॲडेनोमायोसिस (तसंच अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरणं) पुष्कळदा असतो, तो रुजण्यात अडथळा आणतो आणि साध्या सोनोग्राफीत निसटू शकतो. आपल्याकडे टीबीचाही विचार करावा लागतो, नळ्या-पिशवीचा टीबी सोनोग्राफीत कधीकधी एंडोमेट्रिऑसिससारखाच दिसतो. मिस्टरांचा रिपोर्टही ताजा असू द्या, कारण तिसऱ्या दिवसानंतर गर्भ थांबला तर त्यात शुक्राणूचाही वाटा असतो आणि दोष मात्र बीजाच्या नावावर लिहिला जातो.

डोनर एग. ज्यांना त्याची खरंच गरज असते त्यांच्यासाठी तो उत्तम मार्ग आहे, त्यात कमीपणाचं काही नाही. पण ३१ व्या वर्षी, स्वतःचा ब्लास्टोसिस्ट झालेला असताना, एका ट्रान्सफरनंतर मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही. तो सोपा पर्यायही नाही, २०२१ च्या कायद्याप्रमाणे एका डोनरकडून जास्तीत जास्त सात बीजं घेता येतात आणि तिला आयुष्यात एकदाच देता येतात. दोन-तीन सायकलमध्ये बीजंच मिळाली नाहीत, किंवा बरेच गर्भ तयार होऊन एकही ब्लास्टोसिस्ट झाला नाही, तर तो विषय जरूर काढा.

पुढच्या पिकअपच्या आधी दोन गोष्टी डॉक्टरांना आठवण करून द्या: गाठीला सुई लावायची नाही, आणि चॉकलेट सिस्ट असल्यामुळे अँटिबायोटिक द्यायचं का ते ठरवून ठेवायचं, कारण गाठीतलं जुनं रक्त जंतूंना वाढायला फार सोयीचं असतं. पिकअपनंतर ताप किंवा वाढत जाणारी पोटदुखी आली तर रात्र असली तरी फोन करा. आणि मागच्या सायकलची एम्ब्रियोलॉजी शीट मागून घ्या, नुसता डिस्चार्ज पेपर नाही. त्यात प्रत्येक बीजाची वेगळी ओळ असते, कुठलं कच्चं होतं, कुठलं दुसऱ्या दिवशी कसं दिसलं, कुठला गर्भ नेमका कधी थांबला. नाव आणि फाइल नंबर झाकून इथे टाकलीत तर मी ओळ न्‌ ओळ वाचून सांगते.